ड्युटेरियम कमी केलेलं पाणी की नळाचं: गोव्यात राहून निर्णय घेताना

घरात मधुमेहाचा किंवा कर्करोगाचा रुग्ण असला की कुणी ना कुणी ही बाटली सुचवतोच. ‘यातलं ड्युटेरियम काढलेलं आहे, पेशी ताज्या होतात.’ लिटरमागे शेकडो रुपये मोजायचे. इकडे फोंडा-पणजीला ओपाचं, मडगाव-वास्कोला साळावलीचं आणि बार्देशात अस्नोड्याचं पाणी नळाला येतंच आहे. माझं मत आधीच सांगतो. बाटलीत सांगितलेला फरक खरा असतो, पण त्या फरकाने रुग्ण बरा होतो याचा पुरेसा पुरावा आज नाही.

ड्युटेरियम म्हणजे जड हायड्रोजन. साध्या हायड्रोजनच्या केंद्रकात एकटा प्रोटॉन असतो, इथे त्याच्या जोडीला न्यूट्रॉन असतो. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ हॅरल्ड युरी यांनी १९३१ साली तो शोधला आणि १९३४ चं नोबेल मिळवलं. समुद्राच्या पाण्यात हायड्रोजनच्या दर दहा लाख अणूंमागे सुमारे १५६ अणू ड्युटेरियमचे असतात, म्हणजे १५६ पीपीएम. ढगातून पाऊस पडताना जड रेणू आधी खाली येतात आणि पुढे जाणारी वाफ हलकी होत जाते. म्हणून अंटार्क्टिकाच्या बर्फात हे प्रमाण ९० पीपीएमच्या आसपासही उतरतं. वास्कोच्या हेडलँड सड्यावरच्या ध्रुवीय संशोधन केंद्रात बर्फाच्या गाभ्यातलं हेच प्रमाण मोजून जुन्या काळातल्या तापमानाचा माग काढतात. आपण मात्र अरबी समुद्राला चिकटून राहतो, पाऊस आपल्याकडे पहिल्या झटक्यात पडतो. त्यामुळे नळ, विहीर आणि केसरवालची झर, सगळीकडे आकडा १५० च्या वरच राहणार. हिमालयातल्या हिमनदीचं पाणी आणलं तरी थोडाच फरक पडेल. आरओ, अल्कलाइन यंत्र किंवा उकळणं यांनी तर काहीच साधत नाही. ड्युटेरियम खरोखर कमी करायचं तर बहुधा उंच मनोऱ्यांमध्ये पाण्याचं पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करावं लागतं. किंमत आहे ती त्याची.

विक्रेते भीती दाखवतात ती जड पाण्याची, म्हणजे साध्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेल्या पाण्याची. ती भीती निराधार नाही. ड्युटेरियमचा बंध साध्या हायड्रोजनपेक्षा मजबूत असल्याने तो तुटायला वेळ लागतो आणि रासायनिक क्रिया मंदावते. रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी १९३३ मध्ये शुद्ध जड पाण्यात तंबाखूचं बी टाकलं, ते रुजलं नाही. उंदरांच्या शरीरातलं पाव पाणी जड झालं की प्रजननक्षमता जाते, निम्मं झालं की ते मरतात, कारण पेशींचं विभाजन अडतं. पण पाव हिस्सा म्हणजे अडीच लाख पीपीएम. आपल्या नळाच्या दीड हजार पटींहून जास्त! तिथला धोका १५५ वर आणून लावणं मला मान्य नाही.

उलट एक गोष्ट विक्रेते कधीच सांगत नाहीत. माणूस दिवसाला किती ऊर्जा खर्च करतो हे मोजण्यासाठी संशोधक ड्युटेरियम मिसळलेलं पाणी मुद्दाम पाजतात. त्याने शरीरातलं प्रमाण काही दिवस अडीचशे पीपीएमच्या आसपास जातं. माणसांवर ही पद्धत १९८२ पासून वापरात आहे, तान्ह्या बाळांवर आणि गरोदर स्त्रियांवरही. अपाय दिसलेला नाही.

आता बाटलीच्या बाजूने काय आहे? हंगेरीतले गॅबोर शोमयाई यांनी १९९३ मध्ये दाखवलं की कमी ड्युटेरियमच्या पाण्यात पेशींची वाढ सुरुवातीला मंदावते. म्हणजे नैसर्गिक प्रमाणातल्या ड्युटेरियमलाही पेशी प्रतिसाद देतात. हे निरीक्षण महत्त्वाचं आहे, त्याला मी हसण्यावारी नेणार नाही. पुढे पुरःस्थ ग्रंथीच्या (प्रोस्टेटच्या) कर्करोगाच्या ४४ रुग्णांवर चाचणी झाली. दुसऱ्या एका चाचणीत ३० स्वयंसेवकांना ९० दिवस १०४ पीपीएमचं पाणी दिलं, त्यात काहींची उपाशीपोटीची साखर उतरली, मात्र तुलनेला साधं पाणी पिणारा गट नव्हता. एवढ्या लहान चाचण्यांवर औषधोपचार ठरत नसतात. शिवाय स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या अभ्यासात कर्कपेशींवर या पाण्याचा परिणाम ऑक्सिडेशनचा ताण वाढण्यातून होतो असं दिसलं, आणि इकडे जाहिरातीत तेच पाणी ‘अँटिऑक्सिडंट’, म्हणजे हा ताण कमी करणारं, म्हणून विकलं जातं.

पेशीतलं ऊर्जेचं चक्र ड्युटेरियममुळे अडकतं, हा मायटोकाँड्रियाबद्दलचा (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागांबद्दलचा) दावाही ऐकाल. कल्पना म्हणून ती विचार करण्याजोगी आहे. माणसांत ते चक्र दुरुस्त झाल्याचं सिद्ध झालेलं नाही.

खर्चाआधी हिशेब करा. दिवसाला शरीरात साधारण तीन लिटर पाणी येतं असं धरा. त्यातलं दीड लिटर बाटलीतलं, १०५ पीपीएमचं. उरलेलं सकाळची पेज, शीत-कडी, चहा, फळं आणि अन्नाच्या ज्वलनातून शरीरातच तयार होणारं पाणी, म्हणजे सगळं साधारण दीडशेच्या आसपासचं. सरासरी १३० च्या आसपास येते. तीही लगेच नाही. शरीरातलं निम्मं पाणी बदलायला आठवडा-दीड आठवडा लागतो, म्हणून नवा आकडा स्थिरावायला महिनाभर जातो आणि बाटली थांबली की तो तसाच परत चढतो. महिन्याला ४५ लिटर विकत घ्यायचे, तेही कायमचे. बाटलीवर १०५ लिहिलं असलं तरी पेशींना मिळतात १३०, हे लक्षात असू द्या.

भरपूर तूप-तेल आणि कमी भात खाल्ला तर आकडा थोडा उतरतो, कारण चरबीत ड्युटेरियम कमी असतं. पण मधुमेहात जेवणाचा असा उलटापालट डॉक्टरांना न विचारता करू नका.

रुग्ण कर्करोगाचा असेल आणि पैसे मोजूनमापून असतील, तर मी बाटलीपेक्षा तपासण्या, गोमेकॉला (गोवा मेडिकल कॉलेजला) जायचं-यायचं भाडं आणि नीट आहार यांनाच पैसे देईन. पैशांची अडचण नसेल आणि रुग्णाचीच मनापासून इच्छा असेल, तर हे पाणी पिण्याला माझा विरोध नाही. फक्त बाटलीवर पीपीएमचा आकडा आहे का ते बघा, त्या खेपेचा तपासणी अहवाल मागा, साखरेच्या गोळ्या किंवा केमोथेरपी त्यासाठी एक दिवसही थांबवू नका, आणि पाणी सुरू करण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगा. साखर खरंच उतरली, तर गोळ्यांचं प्रमाण त्यांनीच बदलायचं आहे.