तापकीर गल्ली, म्हणजे आमच्या तिघांच्या कंपनीची स्टोअर रूम

आम्ही तिघंच, कोथरूडला एका टू बीएचकेत बसून सोसायट्यांच्या पाण्याच्या टाकीसाठी लेव्हल कंट्रोलर बनवतो, त्यामुळे आमचं स्टोअर म्हणजे पुण्याच्या बुधवार पेठेतली इलेक्ट्रॉनिक पार्टच्या दुकानांची तापकीर गल्लीच. ऑनलाइन पार्ट स्वस्त पडतात हे मान्य, पण मूठभर रेझिस्टरसाठी तीन दिवस कोण थांबणार, इथे "काका, १० के, पाव वॅट, शंभर द्या" म्हटलं की पुडी हातात.

परवाचीच गोष्ट. आवाजाच्या लहरींनी पाण्याची पातळी मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरचा एको पिन (सिग्नलची तार) ५ व्होल्ट देतो आणि ईएसपी३२, म्हणजे कंट्रोलरची मुख्य चिप, चालतो ३.३ वर, आम्ही शहाण्यांनी डायरेक्ट जोडला आणि दोन बोर्ड गेले. नवीन घ्यायला गेलो तर काउंटरवरच्या काकांनी सेन्सर हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "मधे डिव्हायडर टाकलाय का रे? १ के आणि २ के लाव." व्होल्टेज कमी करणाऱ्या दोन रेझिस्टरचा माल, कन्सल्टिंग फुकट!

तक्रार पण आहे. शेजारच्याच एका दुकानातून (नाव नाही लिहीत) घेतलेल्या २० रिलेपैकी (विजेवर चालणारे स्विच) ६ चिकटायला लागले आणि बदलून काही मिळाले नाहीत, कारण आमच्याकडे नुसती कच्ची चिठ्ठी. जीएसटी बिल आधीच मागा, नंतर सगळे ओळख विसरतात.

पाचशे नगांची ऑर्डर असेल तर इथे नका येऊ, प्रोटोटाइपला मात्र बेस्ट. गाडी अजिबात आणू नका, मंडई मेट्रोला उतरून चालत या.