मिजेटचा मागचा ॲक्सल: फुल-फ्लोटिंग हब, ईएन-24 शाफ्ट आणि क्वेफ डिफरन्शियल

ऑस्टिन-हीली स्प्राइट 1958 साली आणि तिचेच भावंड असलेली एमजी मिजेट 1961 साली रस्त्यावर आली, तेव्हा दोघींच्या मागच्या ॲक्सलवर 948 सीसीच्या, पन्नासहूनही कमी अश्वशक्तीच्या इंजिनाचा भार होता. हा ॲक्सल मुळात ऑस्टिन ए-35 या साध्या कौटुंबिक गाडीच्या घराण्यातला. आज इंग्लंडमधल्या हिलक्लाइंब शर्यतींत, म्हणजे घड्याळाशी स्पर्धा करत एकेकट्याने चढण चढण्याच्या प्रकारात, त्याच ॲक्सलच्या पुढे शंभराहून अधिक अश्वशक्ती देणारे सुधारित 1275 सीसीचे इंजिन असते आणि खाली रस्त्याला चिकटून बसणारे शर्यतीचे टायर असतात. एका मित्राच्या आणि माझ्या सामाईक मिजेटमध्ये आम्ही या ॲक्सलसाठी तीन वस्तू बसवल्या: एका छोट्या ब्रिटिश कारखान्याचे दोन बेअरिंगचे फुल-फ्लोटिंग हब, त्याच कारखान्याचे ईएन-24 पोलादाचे हाफ शाफ्ट, म्हणजे मधल्या डिफरन्शियलपासून एकेका चाकापर्यंत जोर नेणारे दांडे, आणि दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देत त्यांच्यात जोर वाटणारे क्वेफ कंपनीचे एटीबी डिफरन्शियल. तिन्हींचा खर्च मिळून सहज चार आकडी पौंडांत जातो. त्यामुळे कोणती वस्तू खरोखर लागते आणि कोणत्या क्रमाने घ्यावी, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. माझ्या मते बहुतेक जण नेमका उलटा क्रम धरतात.

मूळ रचना समजून घेतल्याशिवाय या वस्तूंचे मोल कळत नाही. मिजेटचा ॲक्सल थ्री-क्वार्टर फ्लोटिंग प्रकारचा आहे. चाकाचा हब हौसिंगच्या नळीवर एकाच बॉल बेअरिंगवर फिरतो, म्हणजे गाडीचे वजन शाफ्टवर न येता हौसिंगवर येते. मात्र वळणावर टायर चाकाला आडवे ढकलतो तेव्हा एकटे बेअरिंग हबला कलण्यापासून रोखू शकत नाही आणि तो कल सावरण्याचे काम हबला जोडलेल्या हाफ शाफ्टच्या फ्लँजवर, म्हणजे टोकाच्या चकतीवर, पडते. परिणामी शाफ्टला पीळही सोसावा लागतो आणि वाकही. फुल-फ्लोटिंग रचनेत हबमध्ये दोन बेअरिंग असतात, कलण्याचा सगळा जोर ती पेलतात आणि शाफ्टकडे फक्त फिरवण्याचे काम उरते. आपल्याकडचे मोठे ट्रक याच तत्त्वावर चालतात. कसारा घाटात रस्त्याकडेला उभ्या ट्रकचे चाक न काढता, जॅकही न लावता, हबमधून लांबलचक शाफ्ट बाहेर ओढलेला ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ही रचना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

शाफ्ट तुटला की दोष इंजिनाच्या वाढवलेल्या ताकदीला दिला जातो, पण आकडेमोड निराळेच काही सांगते. मूळ 1275 इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सुमारे 97 न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरचे 3.2 आणि क्राऊन-पिनियनचे, म्हणजे ॲक्सलमधल्या मुख्य दातेरी जोडीचे, 4.22 हे प्रमाण धरल्यास मागच्या दोन्ही चाकांना मिळून सुमारे 1310, म्हणजे प्रत्येक शाफ्टला 655 न्यूटन-मीटर मिळायला हवेत. प्रत्यक्षात सुरुवातीच्या क्षणी मागच्या एका चाकावर 170 किलो भार, चाकाची त्रिज्या 28 सेंटिमीटर आणि साध्या टायरचा घर्षणांक 0.8 धरला, तर चाक साधारण 375 न्यूटन-मीटरलाच घसरू लागते. जुना टायर अशा तऱ्हेने शाफ्टसाठी फ्यूजचे काम करत होता. घर्षणांक 1.3 असलेले शर्यतीचे टायर बसवले की हीच मर्यादा 600 च्या वर जाते आणि त्यात क्लच एकदम सोडल्याचा धक्का मिळतो. मिजेटचा मागचा ॲक्सल पाट्यांच्या स्प्रिंगवर बसतो, त्यामुळे उभ्या गाडीने जोरात सुरुवात केली की पाटे वळतात, ॲक्सल उड्या मारू लागतो, आणि प्रत्येक उडीनिशी शाफ्टवरचा पीळ सुटून पुन्हा आदळतो. शाफ्ट थकतो तो बहुतांशी या आदळण्याने. म्हणून ॲक्सल धरून ठेवणारे रॉड आधीच बसवलेले नसतील, तर या तीन वस्तूंवर पैसे घालण्यात फारसा अर्थ नाही.

आता हबबद्दल. यंत्रकाम सुरेख आहे. बेअरिंगच्या बैठका आम्ही मायक्रोमीटरने तपासल्या आणि दोन्ही हब एकमेकांशी तंतोतंत जुळले. बसवताना मात्र दोन गोष्टी खटकल्या. सोबतच्या एकपानी सूचनापत्रात कोणता बोल्ट किती टॉर्कला आवळायचा याचा एकही आकडा नव्हता, आणि हे एवढ्या किमतीच्या वस्तूच्या बाबतीत मला अक्षम्य वाटते. दुसरे असे की एका बाजूच्या ड्राइव्ह फ्लँजचे बोल्ट किंचित लांब आले होते. ते छिद्राच्या तळाला टेकत. पाना अडे, बोल्ट घट्ट बसल्यासारखा वाटे, पण फ्लँज आणि हब यांच्यामध्ये बारीक फट राही. फट मोजण्याच्या फीलर गेजची सर्वांत पातळ पाती त्या फटीत सरकली तेव्हा हे लक्षात आले, नाहीतर पुढच्या शर्यतीत ओ-रिंगमधून तेल झिरपून ब्रेक शूवर आले असते. कारखान्याने कळवताच कुरबुर न करता दुसरे बोल्ट पाठवले, एवढे श्रेय त्यांना द्यायला हवे. हौसिंगच्या नळीचे टोक आधी नीट पाहून घ्यावे, हेही सांगितले पाहिजे. कित्येक दशके जुन्या बेअरिंगची आतली कडी नळीवर फिरून फिरून तिथला धातू खाल्ला गेलेला असतो आणि अशा टोकावर कितीही चांगला हब बसवला तरी तो डोलतच राहतो.

चालवताना जाणवणारा फरक मुख्यतः ब्रेकमधून कळला. पूर्वी वळणात हब किंचित कलत असल्याने ड्रमही शूच्या संदर्भात हलत असे आणि वळण संपवून ब्रेक लावला की पेडल पहिल्या खेपेला थोडे खोल जाई. आता ते जात नाही. वजन थोडे वाढले आहे आणि तेही स्प्रिंगच्या खालच्या बाजूचे, म्हणजे वाढू नये असे वजन. तरी खडबडीत पृष्ठभागावर त्याचा त्रास वेगळा ओळखू आला नाही.

ईएन-24 हे निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असलेले जुने, खात्रीचे मिश्र पोलाद. याहून महाग 300-एम पोलादाचे शाफ्टही मिळतात आणि त्यांची ताणशक्ती जवळपास दुप्पट असते, पण मिजेटच्या वजनाला त्यांची गरज मला पटत नाही. नवे शाफ्ट बसवण्यापूर्वी त्यांच्या लांबीभर पांढऱ्या रंगाची सरळ रेघ ओढावी आणि जेव्हा जेव्हा शाफ्ट बाहेर निघेल तेव्हा ती पाहावी. रेघ जरा जरी मळसूत्रासारखी वळलेली दिसली, तर पोलाद कायमचे पिळले गेले आहे आणि तो शाफ्ट वरवर कितीही धडधाकट दिसला तरी बदलायचा. आमच्या जुन्या शाफ्टच्या डिफरन्शियलकडच्या टोकाला स्प्लाइनचे, म्हणजे शाफ्टवर लांबीच्या दिशेने कोरलेले, दाते नुसत्या डोळ्यांना तिरके दिसत होते आणि एका दात्याच्या मुळाशी केसासारखी चीर पडली होती. नव्या शाफ्टवरची रेघ अजून सरळ आहे.

क्वेफच्या डिफरन्शियलची ख्याती जुनी आहे आणि ती रास्त आहे. ही कंपनी इंग्लंडच्या केंट परगण्यातली. एटीबीमध्ये घर्षणाच्या प्लेटा नसतात. तिरक्या दात्यांचे गिअर आपापल्या खोबणींत बसलेले असतात आणि टॉर्क वाढला की खोबणीच्या भिंतीवर दाबले जाऊन पकड असलेल्या चाकाकडे जास्त जोर पाठवतात. झिजणाऱ्या प्लेटा नाहीत, सावकाश वळताना खडखडाट नाही, स्टिअरिंगला हिसका नाही. प्रेस्कॉट या हिलक्लाइंबच्या मार्गावरील पार्डन या अवघड वळणातून बाहेर पडताना आतले चाक पूर्वी धूर काढत नुसते गरगरायचे, तिथे आता गाडी पुढे झेपावते. उणीव एकच आणि ती तत्त्वातच आहे: आतले चाक पूर्णपणे हवेत उचलले गेले, तर दुसऱ्या चाकाकडे पाठवायला काही उरत नाही आणि हे डिफरन्शियल साध्यासारखे वागू लागते. ज्यांची गाडी वळणात मागचे चाक उचलते, त्यांनी आधी सस्पेन्शन नीट करावे किंवा प्लेटांचा प्रकार घ्यावा.

क्रमाचा मुद्दा इथे येतो. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही शाफ्टना सारखाच टॉर्क मिळतो आणि त्याची मर्यादा कमी पकडीचे चाक ठरवते. कडक वळणात आतल्या चाकावर समजा 60 किलोच भार उरला, तर शर्यतीच्या टायरवरही प्रत्येक शाफ्टला जेमतेम 215 न्यूटन-मीटर सोसावे लागतात. लिमिटेड-स्लिप, म्हणजे एटीबीसारखे एका चाकाचे गरगरणे आवरणारे, डिफरन्शियल बसवले की बाहेरचे चाक, ज्यावर 280 किलो भार आलेला असतो, आपली पूर्ण पकड वापरू शकते आणि त्याच्या शाफ्टवर हजार न्यूटन-मीटरपर्यंत पीळ येऊ शकतो. तोही अशा क्षणी, जेव्हा मूळ हबमध्ये वळणाचा आडवा जोर त्याच शाफ्टला वाकवत असतो. वेळेत पटकन सुधारणा दिसते म्हणून लोक आधी डिफरन्शियल घेतात, शाफ्ट तुटला की शाफ्ट घेतात आणि हबचा विचार सर्वांत शेवटी करतात. माझा सल्ला आधी हब, मग शाफ्ट आणि हंगामभर ते तपासून झाल्यावर डिफरन्शियल असा आहे.

एवढे केल्यावर कमजोर जागा पुढे सरकते आणि क्राऊन-पिनियनवर येते. चढणीसाठी अनेक जण 4.22 ऐवजी मॉरिस मायनरचा 4.55 प्रमाणाचा संच घालतात. दोन्ही पिनियनांना 9 च दाते आहेत, त्यामुळे तोपर्यंत ठीक. त्याहून आखूड प्रमाण, म्हणजे आणखी मोठा आकडा, हवे असेल तर 8 दात्यांची पिनियन येते आणि तिथे मी हात आखडता घेईन. ॲक्सलमध्ये तेल जेमतेम 1 लिटर मावते, तेव्हा ते प्रत्येक शर्यतीनंतर काढून चुंबकी बुचावर काय चिकटले आहे ते पाहणे स्वस्तात पडते. राखाडी पीठ असेल तर हरकत नाही, पण बोटाला टोचणारी कपची मिळाली तर हौसिंग उघडायचे. केवळ सुट्टीच्या दिवशी रपेट मारण्यासाठी मिजेट ठेवणाऱ्यांना या तिन्हींपैकी काहीही लागत नाही. त्यांनी नवी बेअरिंग, नवी ऑइल सील आणि चांगले ईपी-90 तेल घालावे आणि उरलेले पैसे पत्र्याला लागलेल्या गंजावर खर्च करावेत.