वरच्या रांगेतून ऐकलेलं गाणं

या इनडोअर अरीनात मी पहिल्यांदा गेले ती बास्केटबॉल बघायला. तेव्हा जागा फार आवडली होती. बसण्याचा उतार इतका खडा, की पुढच्याचं डोकं मध्ये येतच नाही. परवा गाण्यांच्या कार्यक्रमाला तोच उतार माझ्या गुडघ्यांना नडला. कठडा एकाच बाजूला, आणि तो नेमका माझ्या दुखऱ्या बाजूला नव्हता.

आता आवाजाचं. मी मंचापासून अंदाजे 70 मीटरवर होते. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, त्यामुळे ड्रमरची काठी आधी दिसायची, ठोका मागून यायचा. त्याला कोण काय करणार? पण मागच्या काँक्रीटच्या भिंतीवर आपटून परत येणारा खर्जाचा घुमारा, त्याला काही करता आलं असतं. गर्दीचे कपडे आणि अंगं वरचे स्वर बरेच शोषतात. खर्जाला मात्र जाड, खोल पॅनेल लागतात, ती मला कुठे दिसली नाहीत. गायिकेचे निम्मे शब्द तिथेच बुडाले.

मध्यंतरानंतर खाली उतरून ध्वनिनियंत्रकाच्या टेबलामागे उभी राहिले. तिथे शब्दन्‌शब्द स्वच्छ! साहजिकच आहे म्हणा, तो तिथलंच ऐकून बटणं फिरवतो.

स्वच्छतागृहं स्वच्छ, रांग मात्र बायकांचीच. बाहेर पडायचे दरवाजे भरपूर, दहा मिनिटांत रस्त्यावर. पुढच्या वेळी तिकीट काढताना त्या टेबलाच्या आसपासचीच खुर्ची शोधणार, कठड्याच्या योग्य बाजूची.