पहिली सोळा पाने: १८३१ च्या मोल्सवर्थ कोशाच्या लिलावात झालेली फसवणूक

गेल्या वर्षी एका ऑनलाइन लिलावात मी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची १८३१ ची पहिली आवृत्ती विकत घेतली आणि पुरता फसलो. जुनी पुस्तके जमवणाऱ्या इतरांवर ही पाळी येऊ नये, म्हणून झाले ते सविस्तर लिहीत आहे.

कॅप्टन जेम्स मोल्सवर्थ यांनी थॉमस आणि जॉर्ज या कँडी बंधूंच्या साहाय्याने मुंबई सरकारसाठी हा कोश सिद्ध केला. आपल्यापैकी बहुतेकांच्या हाताशी असते ती १८५७ ची वाढवलेली दुसरी आवृत्ती. १९७५ साली पुण्यात पुनर्मुद्रण झाले तेही तिचेच. माझी ती प्रत वापरून खिळखिळी झाली आहे. त्यामुळे लिलावाच्या यादीत पहिली आवृत्ती, तीही ‘संपूर्ण, मूळ बांधणीत’ अशा वर्णनासह दिसली, तेव्हा मी हरखून गेलो. सोबत सहा छायाचित्रे होती: चामड्याच्या कण्यावरची सोनेरी अक्षरे, पुठ्ठ्यांवरची निळी अबरी (लहरी नक्षीचा रंगीत कागद), शीर्षकपान आणि आतली तीन पाने. शिवण किंवा पुठ्ठ्यांची आतली बाजू कुठेच दिसत नव्हती, आणि मीही ती मागितली नाही. चूक तिथेच झाली.

बोली ८५,००० रुपयांवर थांबली. लिलावगृहाचे वीस टक्के, त्यावरचा कर, विमा आणि कुरिअर धरून एक लाख आठ हजार गेले. प्रत आली, मी ती कौतुकाने काचेच्या कपाटात ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत राहिलो.

तीन महिन्यांनी कण्याचे चामडे एका टोकाला सुटू लागले, म्हणून एका वयस्कर बाइंडरकडे गेलो. त्यांनी पुस्तक टेबलावर उघडून बराच वेळ नुसते पाहिले, मग कसरीने, म्हणजे कागद खाणाऱ्या किडीने, पाडलेल्या एका भोकात सुईचे टोक धरून म्हणाले, “साहेब, हे भोक पार शेवटापर्यंत गेलंय, पण सुरू होतंय सतराव्या पानाला. पहिली सोळा पानं नंतर घातलेली आहेत.”

त्यांनी शीर्षकपान खिडकीच्या उजेडात धरले, तेव्हा कागदात बारीक समांतर रेघा दिसल्या. पुढच्या कोणत्याही पानात त्या नव्हत्या. कुठल्या तरी जुन्या वहीचे कोरे कागद काढून त्यांवर आजच्या यंत्राने छपाई केली होती. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली नवा कागद सहसा निळसर चमकतो, पण हा कागद खरोखरच जुना असल्याने दिव्यालाही चकवा मिळाला. भिंगाने मात्र भेद उघड झाला. जुन्या छापखान्यातल्या खिळ्यांनी (अक्षरांच्या धातूच्या ठशांनी) छापलेले अक्षर कागदात किंचित रुतते आणि पानामागून बोटाला लागते. इथे शाई वरच्या वर, चकचकीत बसली होती. पुठ्ठ्यांनाही आतून कसरीची तीन भोके होती, पण ती पुठ्ठ्याला आतून चिकटवलेल्या अस्तराच्या पानाखालीच संपत होती, पुढे पानांत उतरत नव्हती. म्हणजे ही देखणी बांधणी दुसऱ्याच कुठल्या तरी पुस्तकाची. पैशांपेक्षा हे मला अधिक लागले: एक तुटकी प्रत सजवण्यासाठी कुणीतरी एक धड पुस्तक सोलले होते. पहिली पाने नाहीत असे सरळ सांगितले असते, तरी योग्य किमतीला मी ती प्रत आनंदाने घेतली असती.

मी तक्रार केली. उत्तर आले की वस्तू ‘आहे त्या स्थितीत’ विकली आहे, वर्णन हे केवळ मत आहे, आणि परत करण्याची सात दिवसांची मुदत उलटली आहे. हे सगळे अटींमध्ये छापलेले होते. मी त्या वाचल्या नव्हत्या.

आता बोली लावण्यापूर्वी मी पानोपान तपासणीचा लेखी तपशील मागतो: किती पाने मूळ, किती बदललेली, बांधणी याच पुस्तकाची की नाही. शिवणीचे आणि अस्तराचे छायाचित्र मागतो, आणि ते न मिळाल्यास बोली लावत नाही. पुस्तक हाती आले की त्याच दिवशी, एखाद्या ग्रंथालयातल्या पूर्ण प्रतीशी ताडून, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहतो.

ती सोळा पाने बाइंडरांनी सोडवून वेगळ्या पाकिटात ठेवली आहेत. कोशाच्या पहिल्या कोऱ्या पानावर मी पेन्सिलीने खरा तपशील लिहिला आहे, म्हणजे माझ्यानंतर ही प्रत ज्यांच्या हाती जाईल त्यांना ती काय आहे ते कळेल.