मेटॅलिकाचा ‘७२ सीझन्स’ : मऊ पडला की लांबला?

मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचा ‘७२ सीझन्स’ हा अकरावा स्टुडिओ अल्बम १४ एप्रिल २०२३ रोजी आला आणि त्याच आठवड्यात सोलापूरच्या पार्क चौकातल्या आमच्या चहाच्या मंडळींत जहाल आणि मवाळ असे दोन तट पडले. ‘हे लोक आता मऊ पडले’ असे एका तटाचे म्हणणे होते, तर दुसरा तट ‘साठीला आल्यावर तुम्ही एवढे वाजवून दाखवा’ असे बजावत होता. मी तेव्हा गप्प राहिलो, कारण अल्बम मी फोनवर, तोही तुकड्या-तुकड्यांनी ऐकला होता. पुढे सीडी मागवली, ती नीट बसून आठ-दहा वेळा ऐकली, आणि आता माझे मत असे झाले आहे की बँडमधला जोर मुळीच कमी झालेला नाही, मात्र कुठे थांबायचे याचे भान त्याला राहिलेले नाही. मवाळ म्हणून त्याला झोडपणारे आणि त्या आरोपातून त्याला सोडवू पाहणारे असे दोघेही भलत्याच मुद्द्यावर भांडत आहेत.

आधी वस्तूविषयी. सोलापुरात अशा सीडी आता दुकानात मिळत नाहीत, त्यामुळे ती ऑनलाइन मागवावी लागली. आली तेव्हा तिच्या केसचे, म्हणजे प्लास्टिकच्या डबीचे, बिजागर तुटलेले होते आणि विक्रेत्याने ‘डिस्क चालते ना?’ एवढे विचारून विषय संपवला. डिस्क चालते, हे खरे. मुखपृष्ठ पिवळेधमक असून त्यावर जळून काळा पडलेला पाळणा आहे. नावातले ७२ ऋतू म्हणजे माणसाच्या आयुष्याची पहिली १८ वर्षे, हा हिशेब अर्थातच वर्षाला चार ऋतू धरून केलेला आहे. आपल्या सहा ऋतूंनी मोजले तर ही ७२ बाराव्या वर्षीच भरतील. गायक जेम्स हेटफिल्डच्या बाबतीत या १८ वर्षांना फार अर्थ आहे, कारण वडील घर सोडून गेलेले, आणि आई तो सोळा वर्षांचा असताना कर्करोगाने गेली. २०१९ मध्ये तो पुन्हा एकदा व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला होता, हेही हा अल्बम ऐकताना विसरता येत नाही. विषयाच्या अंगाने पाहता इतका कडू अल्बम या बँडने क्वचितच केला असेल.

मऊपणाचा आरोप मेटॅलिकाला नवा नाही. बँड १९८१ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झाला, पहिला अल्बम १९८३ मध्ये आला आणि दुसऱ्याच वर्षी, ‘राइड द लाइटनिंग’मधल्या ‘फेड टू ब्लॅक’ या संथ सुरुवातीच्या गाण्यावरून, ‘हे विकले गेले’ अशी हाकाटी झाली. तेव्हा बँडमधल्या पोरांनी पंचविशीही गाठलेली नव्हती! त्यानंतर १९९१ चा काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम आला. निर्माता बॉब रॉकने गाण्यांचा वेग उतरवला, खर्ज वाढवला, ‘नथिंग एल्स मॅटर्स’सारखे उघड प्रेमगीत त्यात आले आणि एकट्या अमेरिकेत दीड कोटीहून अधिक प्रती खपल्या. त्याच सुमारास हेटफिल्डचा घसा बसला आणि त्याने गाण्याची रीतसर तालीम घेतली, तेव्हापासून तो ओरडण्याऐवजी गाऊ लागला. १९९६ मध्ये ‘लोड’ आला, तेव्हा चौघांनी केस कापले होते. केस कापल्यावरून एखाद्या बँडशी इतके लोक कायमचे भांडले असल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. आमच्यातल्या एकाने तर तेव्हा भिंतीवरचे पोस्टर उतरवून त्याच्या मागच्या बाजूला किराणा मालाचा हिशेब मांडला होता.

हा इतिहास पाठीशी असताना ‘७२ सीझन्स’ मऊ आहे असे म्हणणाऱ्याने निदान एखादे मऊ गाणे दाखवावे. बारा गाण्यांत एकही संथ प्रेमगीत नाही, व्हायोलिनचा ताफा नाही, पाहुणा गायक नाही. पहिलेच गाणे साडेसात मिनिटे दौडत राहते आणि त्यात हेटफिल्डचा उजवा हात तारांवर वरून खाली, फक्त वरून खाली, असा चालतो की ऐकणाऱ्याचे मनगट दुखावे. हा अल्बम आला तेव्हा तो ५९ वर्षांचा होता. ‘लक्स इटर्ना’ तर साडेतीन मिनिटांच्या आत संपते आणि थेट १९८३ च्या वाटेने जाते. ‘यू मस्ट बर्न’ संथ असले तरी त्याचा संथपणा रोडरोलरचा आहे.

मग लोकांना मऊ वाटते ते नेमके काय, याचा उलगडा मला सुताच्या सान्निध्यात झाला. माझ्या मित्राचा पूर्व भागात टॉवेलचा कारखाना आहे. सुटीच्या दिवशी माग बंद असताना तिथल्या कार्यालयात जुना अॅम्प्लिफायर आणि दोन भलेमोठे स्पीकर लावून आम्ही ऐकायला बसतो. समोर कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही असते, आणि सोबत मित्राचा विशीतला पुतण्या असतो, ज्याचा निकाल ऐकण्यापूर्वीच लागलेला असतो. ‘काका, जुन्या गाण्यांना दात होते, हे नुसतं चघळतात,’ असे तो दुसऱ्या गाण्याला म्हणाला. मित्र काही बोलला नाही. लहानपणापासून मागाच्या खटखटीत वाढलेला हा माणूस ताल कानाने कमी आणि बोटांनी जास्त ऐकतो. टेबलावर त्याचा अंगठा धोट्यासारखा डावीकडून उजवीकडे चालला होता. ‘स्लीपवॉक माय लाइफ अवे’ चालू असताना तो अंगठा मध्येच थांबला. गाणे पुढे आणखी बराच वेळ चालू राहिले. ते संपल्यावर तो म्हणाला, ‘माल चांगलाय. पण मागावरून उतरवायचंच विसरलेत.’

मला वाटते, या अल्बमचे याहून अचूक परीक्षण झालेले नाही. आकडे पाहावेत : १९८६ चा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ आठ गाण्यांत, सुमारे ५५ मिनिटांत संपतो, ‘७२ सीझन्स’ची बारा गाणी ७७ मिनिटे घेतात, म्हणजे एका सीडीची क्षमता जवळजवळ संपवतात. लांबीचे वावडे मेटॅलिकाला कधीच नव्हते, हे मान्य. पण त्या काळच्या आठ मिनिटांच्या गाण्यात चार वळणे असत. एक भाग संपून दुसरा सुरू झाला की आपण वेगळ्याच गावात पोहोचलेलो असायचो. आताच्या सात मिनिटांच्या गाण्यात दोन चांगल्या रिफ, म्हणजे गिटारवरच्या फिरून फिरून येणाऱ्या छोट्या धुना, असतात आणि त्या आलटूनपालटून येत राहतात. लार्स उलरिकचा ढोल मधल्या लयीत स्थिरावतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. कर्क हॅमेटचे गिटारचे एकल तुकडे वा-वा पेडलवर (गिटारचा आवाज ‘वा-वा’ असा वळवणाऱ्या पायपट्टीवर) सुरू होऊन वा-वा पेडलवरच संपतात, आणि तिसऱ्या गाण्यानंतर कोणता तुकडा कोणत्या गाण्यातला हे सांगणे कठीण होते. तिसऱ्या फेरीला धार बोथट वाटते आणि ऐकणारा म्हणतो, मऊ झाले. चटका तोच असतो, आपली जीभ मात्र सरावलेली असते.

ध्वनिमुद्रणाबद्दल तक्रार नाही. २००३ च्या ‘सेंट अँगर’मधला पत्र्याच्या डब्यासारखा वाजणारा स्नेअर ढोल आणि २००८ च्या ‘डेथ मॅग्नेटिक’मधला चेपून फाटलेला आवाज ज्यांनी सोसला आहे, त्यांना निर्माता ग्रेग फिडेलमनने केलेले हे काम स्वच्छ वाटेल. रॉबर्ट ट्रुहियोचा बास (खर्जातली गिटार) नीट ऐकू येतो.

हा बास जिथे एकटा उरतो, त्या जागेसाठी मी ही सीडी विकत घेण्याची शिफारस करीन. शेवटचे ‘इनामोराटा’ ११ मिनिटे १० सेकंदांचे आहे आणि मेटॅलिकाच्या स्टुडिओ अल्बमांतले सर्वांत लांब गाणे आहे. म्हणजे माझ्या तक्रारीनुसार ते सर्वांत कंटाळवाणे ठरायला हवे होते. तसे होत नाही. दुःखाला प्रेयसी करून बसलेल्या माणसाचे हे गाणे जड पावलांनी निघते, मध्यावर सगळे वाद्य-सामान खाली ठेवते, बास आणि हलकी झांज एवढेच उरते, आणि मग दोन गिटारी एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून हळूहळू वर चढतात. इथे बँडने मुद्दाम आवाज उतरवला आहे, वेग उतरवला आहे, आणि नेमके हेच गाणे अल्बममध्ये सर्वांत भारी पडते. पुतण्याने इथे ‘हे मात्र खरंच मऊ आहे’ अशी हरकत घेतली, तेव्हा मित्राने वाडग्यात भाकरी चुरून त्यावर आमटी ओतली आणि वाडगा त्याच्यापुढे सरकवला.

ज्यांनी हा बँड कधीच ऐकलेला नाही त्यांनी इथून सुरुवात करू नये. ज्यांनी १९९६ मध्ये संबंध तोडले त्यांनी पहिले, ‘लक्स इटर्ना’, ‘रूम ऑफ मिरर्स’ आणि शेवटचे एवढी चार गाणी ऐकावीत. ती सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटे पाचपैकी साडेचार गुणांची आहेत. पूर्ण ७७ मिनिटांना मी तीन देईन.

तुटलेल्या केसचे राहिले. घरात रिकामी केस एकच होती, ती ‘लोड’ची, कारण त्याची डिस्क कोणीतरी नेली ती परत दिली नाही. नवी सीडी मी त्या केसमध्ये ठेवली आहे. मित्राने ते पाहिले आणि कारखान्यातून निघताना मला बाजूला घेऊन सांगितले की केस आधी बदल, पुतण्याने बघितले तर वाद त्यानेच जिंकला असे होईल.