वायर-निबचं पायरोग्राफी मशीन: निबपेक्षा कॉर्ड बघून घ्या

तापलेल्या तारेच्या टोकाने, म्हणजे निबने, लाकडावर चित्र जाळून काढायचं हे मशीन काही महिने जवळजवळ रोज वापरल्यावर लिहितोय, तेही मशीनने दगा दिला म्हणून. पिसाच्या बारीक रेषा काढताना टोक थंड पडायला लागलं. डायल वाढवला तरी रेघ फिकीच. सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं: "निब झिजलीय, ती वॉरंटीत येत नाही." नवी निब घातली, तरी तेच. मशीन पाठवायचं तर जाण्यायेण्याचा खर्च माझ्याच माथी. का म्हणून?

शेवटी मशीन आणि पेन जोडणाऱ्या कॉर्डला हात लावून पाहिला, तर पेनाकडचा प्लग चटका बसेल इतका तापलेला. दुखणं तिथे होतं. या मशीनमध्ये व्होल्टेज अगदी कमी आणि करंट भरपूर असतो. समजा 2 व्होल्ट आहेत आणि निबचा रोध 0.2 ओहम, म्हणजे 10 अँपिअर, 20 वॉट. सैल जोडाने नुसता 0.05 ओहम वाढवला की करंट 8 अँपिअरवर येतो आणि निबला जेमतेम 13 वॉट मिळतात. वर सुमारे 3 वॉट उष्णता प्लगमध्येच तयार होते, तीच बोटांना लागते. इतक्या नाजूक हिशेबाच्या यंत्राला अशी बारीक कॉर्ड द्यायची आणि वर वीस निब फुकट म्हणून मिरवायचं, याचा मला खरोखर राग आहे. त्यातल्या तीनच मी वापरतो.

सुटी जाड कॉर्ड घेतली आणि मशीनबद्दलचं मतच बदललं. शेडिंगसाठी पितळी टोकाचं जुनं पेनच बरं, असं मी आजवर सांगत आलो, कारण पितळ उष्णता धरून ठेवतं. पण ते तापायला काही मिनिटं लागतात आणि टोक बदलायचं तर निवेपर्यंत थांबा. आता निक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या तारेची) निब काही सेकंदांत तयार होते, डायल खाली ठेवून हात सावकाश फिरवला की छटा एकसारखी चढते. पाइनच्या लाकडावरही काम जमतं, जिथे फिकट पट्टा पटकन जळतो आणि गडद कडा अडून बसते. बर्च प्लायवर तर हात चालतच राहतो.

पंखा धूर आपल्यापासून ओढून नेईल असा लावा. वारा निबवर आला तर ती थंड होते. एमडीएफ (लाकडाचा भुसा डिंकाने दाबून केलेला बोर्ड) किंवा रंगवलेलं लाकूड जाळू नका, त्यातल्या डिंकाचा आणि रंगाचा धूर छातीत जातो. काजळी धरली तर बारीक पॉलिश पेपरवर निब हलकेच ओढायची, घासायची नाही.

पाचातले दोन तारे कापलेत. एक कॉर्डसाठी, दुसरा 'निब बदला' या उत्तरासाठी. जाड कॉर्ड मशीनसोबतच द्यायला लागले, तर पहिला तारा मी परत देईन.