सात आठवडे पुनर्वसन केंद्रात आणि त्यानंतरचे आठ महिने : आईच्या पक्षाघाताचा अनुभव

माझ्या आईला वयाच्या ७४ व्या वर्षी झोपेतच पक्षाघाताचा झटका आला. सकाळी तिची डावी बाजू हलत नसल्याचे लक्षात आले. झटका नेमका कधी आला हे कोणालाच सांगता येत नसल्यामुळे, रक्ताची गुठळी विरघळवणारे जे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, ते तिला देता आले नाही. अकरा दिवसांनी रुग्णालयातून "आता घरी न्या आणि फिजिओ लावा" असे सांगण्यात आले. त्या वेळी ती आधाराशिवाय बसू शकत नव्हती, तिला लघवीची नळी होती, आणि आमचे घर लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. म्हणून आम्ही तिला पुण्यातील एका खासगी पुनर्वसन केंद्रात सात आठवडे ठेवले. काही नातेवाइकांनी "आईला बाहेर ठेवले" असा शब्द वापरला, आणि तो मला फार लागला. हा अनुभव लिहिण्यामागे तेही एक कारण आहे.

केंद्रात रोज सुमारे तीन तास उपचार होत असत : सकाळी फिजिओथेरपी, दुपारी ऑक्युपेशनल थेरपी (जेवणे, कपडे घालणे अशी रोजची कामे पुन्हा करायला शिकवणारे उपचार), आणि आठवड्यातून दोनदा मानसोपचारतज्ज्ञांची भेट. फिजिओथेरपी हॉलमधील उपकरणे पाहून आम्ही सुरुवातीला फार प्रभावित झालो होतो. आता मागे वळून पाहताना वाटते की आईच्या सुधारणेत त्या उपकरणांचा वाटा आम्हाला वाटला तेवढा नव्हता. तीन तासांच्या उपचारानंतर उरणाऱ्या एकवीस तासांत तिला कोण उठवते, कोणत्या बाजूने उठवते, जेवताना ताट कुठे ठेवते, यांवर बरेच काही अवलंबून होते.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे लघवीची नळी. दाखल झाल्यावर तिसऱ्याच दिवशी डॉक्टरांच्या सल्ल्याने ती काढली गेली आणि केंद्रातील मदतनीस मावशी आईला दर दोन तासांनी, तिने सांगितले नाही तरी, कमोडवर बसवू लागल्या. पहिले चार-पाच दिवस कपडे आणि चादरी सतत बदलाव्या लागल्या. रुग्णालयात मात्र नळीच सोयीची मानली जात होती. दुसऱ्या आठवड्यात आई स्वतः सांगू लागली, आणि त्या दिवसापासून तिच्या चेहऱ्यावरचे अवघडलेपण कमी झाले. मला विचाराल तर त्या सात आठवड्यांतील ही सर्वांत मोठी कमाई होती.

दुसरी गोष्ट आम्हाला तिथे जाईपर्यंत माहीतच नव्हती. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाल्यावर काही रुग्णांचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. डोळे चांगले असले तरी ती बाजू त्यांच्यासाठी जणू नसतेच. आई ताटातील उजवीकडची पोळी-भाजी संपवून "वरण वाढलेच नाही" असे म्हणत असे, आणि वरणाची वाटी डावीकडे तशीच असे. केसांची उजवी बाजूच विंचरली जाई. तिचे बोलणे स्पष्ट असल्यामुळे आम्ही याला हट्ट समजत होतो, आणि दादा तर एकदा तिच्यावर चिडलाही. ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताईंनी हे समजावून सांगितल्यावर त्याला फार वाईट वाटले. त्यानंतर आम्ही नेहमी तिच्या डावीकडे बसून बोलू लागलो, आणि वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला लाल फीत चिकटवून ती दिसेपर्यंत मान वळवायची, मगच ओळ वाचायची, असा सराव सुरू झाला. तो आजही चालू आहे.

याच कारणासाठी माझी पहिली तक्रार गंभीर आहे. पहिले तीन आठवडे नातेवाइकांना उपचारांच्या वेळी हॉलबाहेर बसवले जात होते. रुग्णाचे लक्ष विचलित होते हे मला मान्य आहे. परंतु ज्यांना पुढची कित्येक वर्षे तिला उठवायचे-बसवायचे आहे, त्यांना चौथ्या आठवड्यापर्यंत काहीच न शिकवणे मला चुकीचे वाटते.

दुसरी तक्रार रविवारची. त्या दिवशी उपचार बंद असत आणि मदतनीस पुरवणाऱ्या ब्यूरोमार्फत बदली मदतनीस येत. अशाच एका रविवारी खुर्चीत बसवताना एकीने आईला डाव्या हाताला धरून ओढले. लुळ्या हाताच्या खांद्याला स्नायूंचा आधार राहिलेला नसतो, त्यामुळे हात ओढल्यास सांधा निसटू शकतो. खांदा किंचित खाली उतरला, पुढचे पाच आठवडे तो दुखत राहिला, आणि हाताचा व्यायाम मागे पडला. व्यवस्थापनाने आधी हे नाकारले. मुख्य डॉक्टरांनी मात्र तपासून चूक मान्य केली आणि खाटेच्या वर "डावा हात ओढू नये" अशी ठळक पाटी लावली. ती पाटी पहिल्या दिवसापासून का नव्हती, हा प्रश्न मी लेखी विचारला, पण त्याला उत्तर आले नाही.

खर्च दिवसाला साडेचार हजार रुपये, औषधे वेगळी. आमच्या मेडिक्लेम पॉलिसीत पुनर्वसनाचा मुक्काम बसत नव्हता, हे आम्हाला दावा नाकारल्यावर कळले. दाखल करण्यापूर्वीच कंपनीकडून लेखी विचारून घ्यायला हवे होते. जेवण साधे पण वेळेवर मिळत असे.

प्रगती मोजण्यासाठी तिथे बार्थेल निर्देशांक वापरत. १९६५ मध्ये मांडलेल्या या मापनात जेवण, अंघोळ, कपडे घालणे, जिना चढणे अशा दहा क्रियांना मिळून शंभरपैकी गुण दिले जातात. आईचे गुण दाखल होताना २५ होते, निघताना ६० झाले आणि गेल्या महिन्यात ७५ भरले. डाव्या हाताची बोटे अजून उघडत नाहीत, आणि ती पूर्णपणे उघडतील अशी आशा आम्हाला कोणी दाखवलेली नाही.

केंद्राचे सर्वांत दूरदर्शी काम शेवटच्या पंधरवड्यात झाले. थेरपिस्ट ताईंनी घराची आणि जिन्याची छायाचित्रे मागवली. चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना अधू पाय आधी, हे आईला पाठ झालेच होते. परंतु आमच्या जिन्याचा कठडा चढताना उजवीकडे येतो, म्हणजे उतरताना तो तिच्या लुळ्या हाताच्या बाजूला जातो, हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नव्हते. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही सोसायटीची परवानगी काढून भिंतीच्या बाजूनेही लोखंडी पाइप बसवून घेतला. घरी आली तेव्हा दादा आणि मी दोघांनी धरून तिला त्या ३६ पायऱ्या चढवल्या होत्या. आता ती आठवड्यातून दोनदा, कोणीतरी एक पायरी खाली उभे राहिले की, त्याच पाइपला धरून उतरते आणि खालच्या बाकावर शेजारणींबरोबर तासभर बसते.